टोपणनावाबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री, एका बैठकीत. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, ‘मावशी, घरच्यांना कळेल या भीतीनं टोपणनाव घ्यावंसं वाटतं. कथा लिहितेय खंबीर बाईची आणि मी स्वतः ही अशी भित्री.’ कथेबद्दल नंतर बोलते. आधी या ‘भित्री’बद्दल, कारण त्या एका शब्दापायी तू लिहिणंच सोडून देशील अशी मला धास्ती वाटते.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद दुकानात बसल्याबसल्या वाचायच्या, आणि तिथंच लिहायलाही लागल्या. वह्या मात्र घरच्यांच्या नजरेला पडू द्यायच्या नाहीत. कितीतरी वर्षं त्या दडवलेल्याच होत्या. पुढे १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं. दलित स्त्रीनं मराठीत लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांत आज त्याचं नाव घेतलं जातं. गिऱ्हाईक आलं की वही बाजूला, गिऱ्हाईक गेलं की वही पुढ्यात, असं काहीसं ते लिखाण झालं असणार. मी ते पुस्तक उघडते तेव्हा मला आधी ती लपवलेली वही दिसते. ती लपवणारीला भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझीही रेटू नये.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात आणि शरीरात काय चालतं ते त्यात इतकं उघड होतं की गदारोळ उठला, आणि ही विभावरी कोण याचे तर्क सुरू झाले. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनावाचा आडोसा घेऊन त्यांनी बेताचं, सोयीचं लिहिलं असतं तर तो आडोसा फुकट गेला असता. त्यांनी तो घेतला आणि एरवी लिहिता आलं नसतं ते लिहिलं. म्हणून तुझ्यापुरती एवढीच तपासणी कर. नाव झाकलं की तुझं वाक्य धीट होतं का? होत असेल तर खुशाल घे टोपणनाव. वाक्य गुळमुळीतच राहणार असेल तर नाव बदलून काही व्हायचं नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही तुला ठाऊक असायला हवं. १८८१ साली सुरतेच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नावानं खडे फोडले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं, स्वतःच्या नावानं. टीका व्हायची ती झालीच. महात्मा फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तरी त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हे पहिलंही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. ताराबाईंचं धाडस मोठंच. पण ते सांगताना त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाची जागा रिकामी आहे हेही मी प्रत्येक वेळी सांगते. तू एकदाच कडाडून गप्प व्हावंस असं मला वाटत नाही. तू वीस वर्षं लिहावंस असं वाटतं.

लिहिणारीला निदान आडोसा तरी असतो. पडद्यावर उभं राहणारीला तोही नव्हता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले साळुंके, एक पुरुष, कारण फाळक्यांना त्या कामासाठी बाई मिळेना. त्यांच्याच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आई पार्वती, मुलगी मोहिनी. सिनेमात तोंड दाखवणारी बाई म्हणजे वाया गेलेली, असं मानायचा तो काळ होता.

आता नावाची दुसरी बाजू. ती मला जास्त टोचते. जात्यावरच्या ओव्या घे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटानं गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतली पहिली ओळ मुळात कुणाला सुचली ते आता कोण सांगणार? उलट जनाबाई बघ. दळणकांडण करणारी, घरकामाची दासी. तरी अभंग संपता संपता ‘जनी म्हणे’ किंवा ‘नामयाची दासी जनी’ येतं आणि सातशे वर्षांनीही आपल्याला कळतं, हे हिचं आहे. बहिणाबाईंच्या ओळी मुलानं, सोपानदेवांनी टिपून ठेवल्या नसत्या तर? पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. म्हणून तुला सांगते, लोकांपासून नाव हवं तर लपव, पण तुझं काम कुणाच्या मर्जीवर सोडू नकोस.

माझा पहिला लेख छापून आला तेव्हा संपादकांनी मला न विचारता माझं नाव बदललं होतं. मी माहेरच्या नावानं पाठवलेला लेख, छापला सासरच्या नावानं. अंक हातात घेऊन मी बराच वेळ ते नाव बोटानं झाकून लेख वाचला. पत्र लिहून कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही, पहिलाच लेख, उगाच वाईटपणा कशाला, असं म्हणून. ते आजही सलतं. तुझ्यावर ती वेळ आली तर त्याच दिवशी कळव, साध्या दोन ओळींत.

आणि कायदा वाच. कंटाळवाणा आहे, तरी वाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क विकल्यावरही ‘ही कृती माझी आहे’ असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. लेखकाचं नाव जाहीर असेल तर कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. टोपणनावानं छापलं आणि खरं नाव कधीच उघड केलं नाही, तर ही साठ वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. तेव्हा टोपणनाव घेतलंस तरी प्रकाशकाशी होणाऱ्या करारावर खरं नाव आणि खरी सही असू दे. मानधन तुझ्या एकटीच्या खात्यात जमा होऊ दे, रक्कम कितीही किरकोळ असो. हस्तलिखिताची एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेव. माझ्याकडे ठेवलीस तर मी ती न उघडता सांभाळेन.

आता कथा. नवव्या पानावर तुझी नायिका सासऱ्यांसमोर उभी राहून दीड पान बोलते. ते भाषण तुझं आहे, तिचं नाही. आठ पानं जी बाई तुटक बोलत आली ती अचानक इतकी सलग, इतकी शुद्ध बोलायला लागली की वाचणारा दचकतो, मग दुरावतो. बायकांचं बळ दाखवायचं म्हणजे त्यांच्या तोंडी घोषणा घालायच्या, ही सवय आपल्याकडे नाटकासिनेमांनी लावली आहे. मला ती मुळीच पटत नाही.

पण सहाव्या पानावर एक जागा आहे. ती कपाटातल्या साड्यांच्या घडीखालून पासबुक काढते, पदरानं पुसते, शेवटची नोंद बघते आणि परत ठेवते. ठेवताना ते दुसऱ्या साडीखाली ठेवते. का ते तू सांगितलं नाहीस, फार बरं केलंस. तिथं मी पेन्सिल खाली ठेवली. ती बाई काय करणार आहे हे मला त्या एका हालचालीत कळलं, आणि ती ते करणार याबद्दल शंका उरली नाही. भाषण काढून टाक. ते दीड पान मोकळं होईल ते या पासबुकाला दे. नोंद किती तारखेची आहे? पैसे कुठून आले? साडी कुणी दिलेली?

आणि चिठ्ठीतला तो शब्द खोडून टाक. तू कथा लिहिलीस, पाकिटात घातलीस आणि माझ्यापर्यंत पोचवलीस.

दुसरा खर्डा महिनाअखेरीस पाठव. पानांना आकडे घाल, या वेळी राहिलेत. वर नाव कुठलं घालायचं ते तू ठरव. मी आतलं वाचेन.

तुझी,
मावशी