तांबूचं दुखणं, घरातली चार मतं

"मॅडम, आणखी किती दिवस करत राहायचं? आणि थांबवलं तर आम्हीच त्याला मारल्यासारखं होईल ना?"

मी समुपदेशन करते, आणि म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याच्या घरातून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणाऱ्याला आधी लाज वाटते. लोक माणसांची दुखणी घेऊन येतात आणि मी कुत्र्याचं घेऊन आले, असं म्हणत बसतात, आणि थोड्या वेळाने रडू फुटतं. उत्तर म्हणून एका घराची हकीकत सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरच्यांनी लिहायला होकार दिला आहे.

सुनीताताई खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावात अंगणवाडी सेविका. नवरा परशराम शेती बघतो, घरात सासू, मुलगा ओंकार पुण्यात नोकरीला. ओंकार शाळेत असताना एक पिल्लू घेऊन आला होता, तोच तांबू. मुधोळी रक्ताचा, लांब पायांचा, अंगावर चरबी अशी नाहीच. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, त्यामुळे ही सडपातळ शिकारी अंगलोट आमच्याकडे गावोगाव दिसते. तांबू आता बारा वर्षांचा झाला होता.

पावसाळ्यात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून तो घसरला आणि मागचा पाय टेकवेनासा झाला. काही दिवस घरीच काढले, मग बेळगावला आणलं. गुडघ्याचा बंध तुटला होता. ऑपरेशन करू, असं तिथले पशुवैद्य म्हणाले, पण भूल देण्याआधी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालेनाशी झाली की रक्तात साठणारा घटक, खूप वाढलेलं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली दिसली. पायाचं दुखणं बाजूलाच राहिलं आणि घरात नवाच शब्द आला, किडनी.

त्यानंतर घरात चार मतं झाली. ओंकार रोज फोनवर म्हणायचा, पैशाकडे बघू नका, बंगळूरला न्या, ऑपरेशन करा. परशराम म्हणायचे, "आता बास. सुई देऊन सोडवा त्याला." सासूबाईंच्या माहेरी मंगसुळीचा खंडोबा, त्यांचं म्हणणं, कुत्रं देवाचं जनावर, त्याला सुई टोचून मारायचं नाही, त्याचं ते जाईल. आणि चौथं मत सुनीताताईंचं. ते कुणी विचारलंच नव्हतं. रात्री दोनदा-तीनदा उठणाऱ्या त्या एकट्याच, ओली वाकळ बदलणाऱ्या त्याच, आणि सकाळी अंगणवाडीतल्या पोरांना गाणी म्हणून दाखवणाऱ्याही त्याच.

पहिल्या भेटीत मी तांबूबद्दल फारसं विचारलंच नाही. रात्री कोण उठतं, तुम्ही शेवटचं सलग कधी झोपलात, तेवढंच विचारलं. त्या गप्प झाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, आज सकाळी उठायच्या आत गेलेला असू दे. असं वाटणारी बाई कसली मॅडम?"

हा विचार आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांच्याही मनात येतो, आणि सांगायला माणूस सापडला नाही की आतल्या आत कुजतो. दमलेलं शरीर सुटका मागतं. त्यावरून प्रेम कमी झालं असं ठरत नाही. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली आजारी कुत्र्या-मांजरांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांच्या रुग्णसेवेचा भार ज्या प्रश्नावलीने मोजतात, तीच त्यांनी थोडी बदलून वापरली. आजारी जनावर सांभाळणाऱ्यांत भार, ताण, खिन्नता आणि काळजी, सगळंच जास्त आढळलं. हे मी सुनीताताईंना सांगितलं, कारण आपण एकट्याच अशा आहोत असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या भेटीला परशराम त्यांना मोटरसायकलवरून घेऊन आले आणि बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. मी आत बोलावलं. बसता बसताच म्हणाले, "तुम्हीच सांगा हिला. रातभर कण्हूलालाय ते. बघवत नाही."

मी विचारलं, "पाय दुखावल्यावर बेळगावला आणेपर्यंतचे दिवस कसे काढलात?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच गोळ्या दिलो की. माझ्या कंबरेच्या होत्या. भाकरीत घालून दिलो, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर विचारले, काय दिलात काय म्हणून. मी नाही म्हणालो."

सुनीताताईंनाही हे तेव्हाच कळलं. 'बास करा' असं जे रोज ऐकू येत होतं, त्यात तांबूच्या वेदनेइतकाच यांचा स्वतःचा जीव घुसमटत होता. समोर रोज कण्हणारा कुत्रा म्हणजे रोजची आठवण.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ही गोष्ट घरोघर होते. आपल्या सांधेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कुत्र्याला देऊ नयेत. पोटात जखमा होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नाही. आपल्या देशातली गिधाडं डायक्लोफेनॅकनेच संपत आली; ते औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांच्या गोळ्या मात्र दुकानात मिळतातच आणि घरातल्या डब्यात असतातच. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, वजनावर मोजून देतात, आणि मूत्रपिंड आधीच अधू असेल तर त्यातलीही बरीच चालत नाहीत. पर्याय असतात, पण ते पशुवैद्याने निवडायचे.

परशरामना मी 'तुमची काही चूक नाही' असं म्हटलं नाही. त्यांनी ते मानलंच नसतं, आणि ते खरंही नव्हतं. मी म्हणाले, "गोळी द्यायला नको होती. त्याचं दुखणं बघवेना म्हणून दिलीत. दोन्ही खरं आहे. आता एक काम तुमचंच आहे, डॉक्टरांना जाऊन सांगायचं." त्यांना शिक्षा व्हावी म्हणून हे सांगितलं नव्हतं. काय पोटात गेलंय हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नीट औषध देता येत नाही.

ते गेले. सोबत कन्नड चांगलं येणारा शेजारचा मुलगा न्यायला मी सुचवलं होतं. पहिल्या वेळी डॉक्टरांचं बोलणं या दोघांना निम्मंच उमगलं होतं. बाजारापुरतं कन्नड सगळ्यांना येतं, पण रक्ताच्या अहवालावरचं कन्नड वेगळं, आणि लाजेने 'पुन्हा सांगा' म्हणवत नाही. सीमाभागातल्या घरांना माझं नेहमी सांगणं असतं: डॉक्टरांना औषधाचं नाव, कशासाठी आणि किती वेळा, एवढं कागदावर लिहून मागा. कुणी नाही म्हणत नाही.

डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत. पोटाचं औषध सुरू केलं आणि समजावलं की मूत्रपिंडं अशी आकसायला काही महिने तरी लागतात. त्यांचं तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन सहसा वाढत नाही, म्हणून आजार उशिरा कळतो. गोळ्यांनी भर घातली, पण सुरुवात आधीची होती. मग सुनीताताईंना आठवलं, दिवाळीपासून तांबू पाणी फार पीत होता, लघवीला फार जात होता. उन्हाळा-म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. म्हाताऱ्या कुत्र्याची तहान अचानक वाढली तर रक्त-लघवी तपासून घ्यावी. आणि पिल्लं न होण्याचं ऑपरेशन न झालेली मादी असेल तर गर्भाशयात पू झाल्याचंही ते लक्षण असू शकतं, त्यात एक दिवसाचाही उशीर महाग पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या घरातली चारही माणसं एकाच गैरसमजात अडकली होती: ऑपरेशन नाही म्हणजे काहीच नाही. करायचं तर सगळं करा, नाहीतर सुई द्या. उपचार आणि सांभाळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांच्या मनात उतरवायला मला बराच वेळ द्यावा लागला. मूत्रपिंडं बरी होणार नव्हती. पण मळमळ कमी करता येते, वेदना कमी करता येते, अंग कोरडं ठेवता येतं. बरं करणं थांबलं तरी सांभाळणं शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, आणि त्यात कामं भरपूर असतात.

ती आम्ही वाटून दिली. त्वचेखाली सलाईन कसं सोडायचं हे डॉक्टरांनी परशरामना शिकवलं. गुरांना सांभाळलेला हात, लगेच जमलं. ओंकारच्या पैशातून जाड गादी, औषधं आणि गाडीभाडं. मुधोळी कुत्र्याचं कातडं पातळ, हाडं वर आलेली, एका कुशीवर पडून राहिलं की कोपरावर-खुब्यावर जखमा होतात, म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. उठताना पोटाखालून जुन्या टॉवेलचा आधार. लघवीने भिजलेलं अंग लगेच पुसायचं, कारण आमच्या पावसात ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. दिवसभर जवळ बसायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. रात्रीची पाळी नवरा-बायकोत वाटली गेली, आणि खूप दिवसांनी सुनीताताई एक रात्र सलग झोपल्या. माझ्या दृष्टीने या सगळ्यातला हा सर्वात मोठा फरक.

'कधी थांबायचं' याचं उत्तर मी देत नाही, ते घराने आणि पशुवैद्याने मिळून शोधायचं असतं. मी फक्त बघायचं कसं ते सांगते. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक मोजपट्टी मांडली: वेदना, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. कुणाला आकडे जमतात. सुनीताताईंना मी भिंतीवरचं कॅलेंडर वापरायला सांगितलं. तांबूचं तांबूपण कशात आहे, असं विचारल्यावर घरच्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: फाटक वाजलं की मान वर करणं, सासूबाईंच्या हातची भाकरी, आणि घाण बाहेरच करणं, घरात झालं तर तो ओशाळून तोंड फिरवायचा. यातलं काही दिसलं की रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत खूण. सोबत वेदनेकडेही लक्ष: कुत्रं दर वेळी ओरडतंच असं नाही. काही न करता धापा टाकणं, एका जागी न टिकणं, हात लावल्यावर गुरगुरणं, कोपरा धरणं, हीही वेदनाच.

कॅलेंडरचा फोटो रोज ओंकारला जायचा. फोनवरचा वाद त्याने थांबला. सुरुवातीचे आठवडे चांगले गेले, तांबू थोडं चाललासुद्धा. मग खुणा विरळ झाल्या. भाकरी बंद झाली, फाटकाच्या आवाजाला कान हलेना. ओंकारने स्वतःच विचारलं, "मी येऊ का?"

दयामरणाबद्दल मी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्या जनावराला जगवणं हीच क्रूरता ठरेल त्याला सोडवण्याची तरतूद आहे. पशुवैद्य आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. शुद्ध जाते आणि मग काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते, पण त्याला काही जाणवत नसतं. हे आधी माहीत नसेल तर माणसं तो शेवटचा श्वास वर्षानुवर्षं मनात घेऊन फिरतात. आणि पुरताना खड्डा खोल हवा, विहिरीपासून लांब. ते औषध देहात राहतं आणि कोल्ह्या-घारींनी उकरून खाल्लं तर त्यांनाही विषारी ठरतं. खानापूरच्या जंगलाकाठी हे विसरून चालत नाही.

सासूबाईंचा होकार शेवटपर्यंत आला नाही. कुणी तो मागितलाही नाही, पण त्यांना अंधारात ठेवून काही केलं नाही. सुई द्यायच्या दिवशी त्यांनी तांबूच्या कपाळाला भंडारा लावला, "मला पटत नाही," असं पुन्हा एकदा मुलाला तोंडावर सांगितलं आणि परसात निघून गेल्या. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर कुत्रं तेवढे दिवस सोसत राहतं. प्रत्येकाचं म्हणणं आधी ऐकून घेतलेलं असावं, इतकं पुरे.

नंतरचे दिवस सुनीताताईंना जड गेले. कुत्रं गेलं म्हणून रजा कशी मागायची, आणि कारण सांगितलं तर लोक हसणार. ज्या दुःखाला समाजात जागा नाही त्याचा विचार अमेरिकेतले शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडला; आमच्या कामात तो रोज लागतो. अशा दुःखाला एखादं तरी माणूस लागतं जे 'दुसरं आणा की' असं लगेच म्हणणार नाही. सुनीताताई काही वेळा आल्या आणि मग त्यांना गरज वाटेनाशी झाली.

परशराम अजून येतात. गोळ्यांचा विषय कधी निघतो, कधी नाही. गावात कुणाचं जनावर लंगडायला लागलं की ते स्वतः जाऊन आधी विचारतात, घरातलं काही दिलंत काय, आणि खिशातला फोन काढून १९६२, जनावरांच्या डॉक्टरी मदतीचा नंबर, लावून देतात.