'हॉटेल कॅलिफोर्निया'चे गिटार पार्ट शिकायला सुरुवात कुठून करू? कॉर्ड्स येतात, सोलो जमत नाही.

आधी कॉर्ड्सचं चक्र पाठ करा. ईगल्स या अमेरिकन बँडचं हे गाणं (१९७६चा अल्बम) बी मायनरमध्ये आहे. कडव्यात आणि सोलोखाली तेच चक्र फिरतं: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. सुरुवातीच्या पीससाठी सातव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारी चिमटी) लावून ई मायनर, बी, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी असे शेप धरा. तो चमकदार आवाज त्याशिवाय येतच नाही.

सोलो मात्र शेवटाकडून शिका. बँडचे गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श शेवटी एकत्र वाजवतात, तो भाग म्हणजे वरच्याच कॉर्ड्सचे सुटे सुटे स्वर. कॉर्ड ओळखीची असली की बोटं आपोआप सापडतात. आधीचा भाग खरा अवघड आहे तो बेंडमुळे (तार ताणून स्वर चढवण्यामुळे), वेगामुळे नव्हे. बेंड करण्याआधी दोन फ्रेट पुढचा स्वर वाजवून ऐका, मग तार ताणून तिथपर्यंत न्या.

रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने लावा (स्वर न बदलता हे आता बहुतेक प्लेअरवर होतं). टॅब (कोणती तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते सांगणारं लेखन) घ्या, पण कान वेगळं सांगत असेल तर कानाचं ऐका. नेटवरचे बरेच टॅब चुकीचे असतात.