माझा मुलगा एका मुलाशी लग्न करतोय, आमच्या धर्मात हे बसत नाही, आई म्हणून मी लग्नाला जावं का?

ताई, जा. मी गेलो नव्हतो म्हणून सांगतोय.

माझ्या मुलीने एका मुलीशी लग्न केलं. मी रोज प्रार्थना करणारा माणूस, मला वाटलं मी तिथे जाऊन उभा राहिलो की देवासमोर सही केल्यासारखं होईल. बायको गेली, मी घरी बसलो. आणि जायच्या आधी मुलीला म्हणालो की तू बदलावीस म्हणून प्रार्थना करतोय. ते वाक्य आजही मला झोपू देत नाही, कारण प्रार्थना करायला तिला लहानपणी मीच शिकवलं होतं आणि त्या दिवसानंतर तिने ती सोडली. पुढची दीड वर्षं आमचं बोलणं म्हणजे आईची औषधं घेतली का, रिपोर्ट आले का, एवढंच.

मग बायकोचं ऑपरेशन झालं. रात्री थांबायला मुलीची बायको आली, आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये 'नातं' असा कॉलम होता त्यात तिने माझ्याकडे एकदा बघून 'मैत्रीण' लिहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून. मी तेव्हाही गप्प बसलो हो. दुसऱ्या दिवशी तिच्या नावापुढे मी स्वतः 'मुलगी' लिहिलं.

धर्माचं म्हणाल तर माझे सगळे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. पण मी दोन गोष्टींची गल्लत करत होतो. धर्मसंस्थेने लग्न मान्य करणं वेगळं आणि आईबापाने तिथे हजर असणं वेगळं. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांची मुलगी म्फो स्वतः धर्मगुरू होती, तिने 2015 मध्ये एका बाईशी लग्न केलं तर तिथल्या चर्चने ते मानलं नाही आणि तिला धर्मगुरू म्हणून काम करायचा परवाना सोडावा लागला. चर्च तिच्या बापाचंच, आयुष्यभराचं. तरी बाप मुलीच्या बाजूने उभा राहिला, आणि श्रद्धाही सोडली नाही. व्हॅटिकनचंच बघा, डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली पण त्याला लग्न म्हणायला नकारच दिला, म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेलाही एका झटक्यात उत्तर सापडत नाही, मग तुम्हाला लग्नाआधी सापडलंच पाहिजे असं कुठे आहे?

हा आजार आहे, उपचाराने जाईल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय. आणि घरच्यांच्या नकाराने काय होतं ते मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 चा अभ्यास आहे, ज्या तरुण मुलामुलींना घरच्यांनी खूप जास्त नाकारलं होतं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना नकार मिळाला नाही किंवा अगदी कमी मिळाला त्यांच्या 8.4 पट निघालं. मी ते वाचलं त्या रात्री मुलीला फोन केला आणि नुसता रडलो.

तुम्ही मुलाला खोटं सांगू नका की सगळं पटलंय. मुलांना ते लगेच कळतं. सरळ म्हणा, मला अजून हे घशाखाली उतरत नाहीये पण मी येणार आहे. धर्मग्रंथातली वचनं त्या दिवशी काढू नका, नातेवाईकांना कोण काय सांगणार तेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ऐन वेळी त्याच्यावरच येतं सगळं. यजमान काय म्हणतायत ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते नाही म्हणत असतील तरी तुम्ही एकट्या जा, माझी बायको गेली म्हणून तर मुलगी घरात परत येऊ शकली.

आणि फोन आजच करा. मोठं बोलायची गरज नाही, फक्त विचारा की त्या मुलाला मी काय म्हणून हाक मारू.