मान्सून परतल्याचं जाहीर झालं म्हणजे कोकणातला पाऊस संपला का?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात देवगड, विजयदुर्ग आणि तिथून वर गगनबावडा असा बेत आहे, तर हवामान खात्याने मान्सून परतल्याचं जाहीर केल्यावर बुकिंग केलं तर चालेल ना. नाही चालणार. म्हणजे या, जरूर या, पण त्या घोषणेच्या भरवशावर येऊ नका. याच एका मुद्द्यावरून आमच्या घरात दोन भावांचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वैभववाडी तालुक्यातला, गगनबावड्याच्या पायथ्याचा. सासुरवाडी देवगडची. त्यामुळे डोंगर आणि समुद्र दोन्हीकडची खबर घरात येते.

खात्याची घोषणा खोटी नसते. वाऱ्यांची दिशा आणि हवेतलं बाष्प बघून मोसमी वारे माघारी गेले असं ते सांगतात. २०२० पासूनच्या सुधारित तारखांप्रमाणे मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबर. पण मान्सून गेला म्हणजे पाऊस गेला, हा अर्थ त्यांनी कधी सांगितलेला नाही. तो लोकांनी काढला. त्यात आमचा दादा पहिला.

जुलैचा पाऊस आमच्याकडे समुद्रावरून येतो. हस्त आणि चित्रा नक्षत्रांतला, म्हणजे साधारण ऑक्टोबरातला, पाऊस डोंगराकडून येतो. सकाळी दव, निरभ्र आभाळ, नऊ वाजल्यापासून अंग भाजणारं ऊन. जमीन अजून ओली, त्यामुळे वाफ उठतेच. दुपारपर्यंत खारा वारा दरीतून वर चढतो आणि सह्याद्रीला अडतो. दोन-तीनच्या सुमाराला गगनगडाच्या मागे पांढरे ढग थरावर थर चढायला लागतात. वरच्या हवेतला वारा या दिवसांत पूर्वेचा झालेला असतो, तो तेच ढग आमच्या अंगावर ढकलतो. चार-पाचला गडगडाट, विजा, तासभर असा पाऊस की कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, पाणी उभं राहतं. त्याच संध्याकाळी देवगडला थेंब नसतो, किंवा रात्री आठला चार शिंतोडे पडतात. म्हणून पायथ्याच्या गावचं आणि किनाऱ्याचं हवामान एकाच अंदाजात बघू नका. मोबाइलमध्ये जिल्ह्याच्या नावापुढे ढगाचं चित्र असतं, त्यावरून काहीही कळत नाही.

हा एक पाऊस. दुसरा येतो समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा, आणि तो खरा घात करतो.

२०१९ साली मान्सून फार रेंगाळला. राजस्थानातून माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला आणि १६ तारखेला तो देशातून गेल्याचं जाहीर झालं. दादा मुंबईला असतो, तेव्हा नोकरीत होता. त्याचा त्याच संध्याकाळी फोन. "टीव्हीर सांगल्यानी, पाऊस गेलो. माका दिवाळीची सुट्टी हा, येतंय. सगळा एका दमात कापून टाकू." मी सांगितलं, मळ्यातलं, म्हणजे सखल ओल्या जमिनीतलं, गरवं (उशिरा पिकणारं) भात आहे, अजून पुरतं पिकलेलं नाही, आणि रोज दुपारी डोंगरात गडगडतंय. तो म्हणाला, तू नेहमीच घाबरतोस.

तो आला. माणसं त्याने फोनवरूनच ठरवली होती, चढ्या मजुरीने. त्या आठवड्यात देवगडहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. तो मासेमारीवाला. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळाचा इशारा, लावलाय, बोटी परत येतायत, गुजरातच्या आणि कर्नाटकच्याही आत शिरतायत, उभं करायला जागा राहिली नाही, असं सांगत होता. मी फोन तसाच दादाच्या कानाला लावला. दादाचं म्हणणं, समुद्रात वादळ असेल तर ते समुद्रात, इथे डोंगरात त्याचा काय संबंध? ओसरीवर शब्दाला शब्द वाढला. शेवटी वहिनी मध्ये पडली आणि ठरलं की मळा निम्मा-निम्मा: दादाच्या बाजूचा कापायचा, माझ्या बाजूचा उभा ठेवायचा.

ते वादळ म्हणजे क्यार. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, ते अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झालं होतं. लक्षात घ्या, ते आमच्या किनाऱ्याला लागलंच नाही, ओमानच्या दिशेने निघून गेलं. पण जन्मलं ते कोकणाच्या समोरच, आणि जाता जाता सगळ्या कोकणपट्टीला झोडपून गेलं. दादाचं कापलेलं भात शेतात वाळत पसरलेलं होतं. पेंढ्या बांधायलाही सवड मिळाली नाही. लोंब्या पाण्यात बुडल्या, आणि पाणी ओसरलं तेव्हा दाण्यांना पांढरे कोंब आले होते. गवतसुद्धा कुजलं, गुरांनी तोंड लावलं नाही. पडल्या चित्रा तर भात खाईना कुत्रा, असं आमचे आजोबा म्हणायचे. चित्रा संपून स्वाती लागली होती, पण झालं तेच. आई त्या कोंब आलेल्या लोंब्या हातात घेऊन बांधावर उभी राहिली. ती काही बोलली नाही. दादाही बोलला नाही.

माझ्या बाजूचं भात आडवं पडलं. पण ताटं मुळाला धरून होती, बऱ्याचशा लोंब्या पाण्याच्या वर राहिल्या. ऊन पडल्यावर वरवर कापून थेट मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, नेल्या, तिथेच पसरून वाळवल्या आणि झोडल्या. नुकसान झालं, पण वर्षाचा भात घरात आला.

दादा आजही म्हणतो की ते नशीब. मी हे मान्य करत नाही. दुपारी डोंगर गडगडत होता आणि बंदरात बावटा लागला होता, दोन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या. मच्छीमाराला वादळ आमच्या एक दिवस आधी कळतं, त्याला विचारायला एक फोन लागतो. पुढच्याच वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरात, बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि तेलंगण, सोलापूर, पुणे करत घाट ओलांडून अरबी समुद्रात उतरलं. म्हणजे संकट पूर्वेकडूनही येतं. फयान चक्रीवादळ तर २००९ च्या ११ नोव्हेंबरला आलं, दिवाळी होऊन गेल्यावर. मच्छीमारांच्या घरांत ते अजून कुणी विसरलेलं नाही. इतकं सगळं होऊनही "मान्सून गेला, आता काय" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

मुंबईत राहून गावची शेती चालवणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: भात तुमच्या सुट्टीप्रमाणे पिकत नाही. भरडावर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत, कर्जत-३ सारखं हळवं (लवकर पिकणारं) भात घ्या, ते आधी निघून जातं. मळ्यात गरवं. सगळं शिवार एकाच दिवशी कापायला येईल अशी लावणीच करू नका. आणि जेवढं दोन दिवसांत वाळवून, बांधून, झोडून आत घेता येईल तेवढंच कापा. मजूर एकदम मिळतात म्हणून सगळं आडवं करणं हा शहाणपणा नव्हे. दादाने यंदाही विचारलं की दसऱ्याला येऊ का. मी म्हटलं, ये, पण कापायचं कधी ते मी ठरवणार.

आता तुमचं. तुमचे किनाऱ्यावरचे दिवस बहुतेक चांगले जातील, उकाडा मात्र सोसावा लागेल. देवगड-विजयदुर्ग दुपारी केलं तरी चालेल. गगनबावडा सकाळी करा आणि दोनच्या आत घाट उतरून या. पाऊस आणि धुकं एकदम आलं तर त्या वळणांवर समोरची गाडी दिसत नाही. सड्यावर, म्हणजे किनाऱ्याजवळच्या उघड्या कातळावर, ढग काळे झाल्यावर फोटो काढत थांबू नका. तिथे सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता, आणि या महिन्यातल्या विजा पावसाच्या आधीही पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा, ते २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा देतं. बंदरात बावटा लागला असेल तर होडीवाला "काय नाय होणार" म्हणाला तरी होडीत बसू नका. बुकिंग रद्द करता येईल असंच करा.

हेही सांगायला हवं की प्रत्येक वर्ष २०१९ नसतं. काही वर्षी दसऱ्यापासून आभाळ कोरडं राहतं, आणि मळ्यातल्या गरव्याला शेवटचं पाणी कमी पडतं म्हणून आम्हीच पावसाची वाट बघतो. शिवाय मी सांगतोय ते दक्षिण सिंधुदुर्ग सोडून. आंबोली-सावंतवाडीकडे पाऊस आणखी रेंगाळतो, तिथलं तिथल्या माणसालाच विचारा.

आणि गावातून जाताना डांबरी रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसेल. गाडी त्यावरून नेऊ नका, थोडी थांबवली तर घरातलं कुणीतरी येऊन वाट करून देतं.