सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोकांनी निवडून द्यावेत का?

नाही, नेमणूकच हवी. आमच्या मराठवाड्याचंच बघा. वर नाशिक-नगरच्या धरणांतलं पाणी खाली जायकवाडीत सोडायचं की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१६ साली समन्यायी वाटपाच्या, म्हणजे खाली पाणी सोडण्याच्या, बाजूने निकाल लागला. ते न्यायाधीश मतांवर निवडून आले असते, तर वरच्या मतदारांना दुखवायची हिंमत त्यांनी केली असती? आणि आमच्या मतांवर आले असते, तर वरच्या शेतकऱ्यांनी तो निकाल का मानावा? शिवाय प्रचाराला पैसा कोण देणार? इथे जिल्हा परिषदेच्या एका गटासाठी जेवणावळी उठतात, जातीची गणितं मांडली जातात. मेक्सिकोने २०२५ मध्ये न्यायाधीश मतदानाने निवडले, मतदान झालं जेमतेम १३ टक्के.

पण आजची कॉलेजियम पद्धतही, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटानेच नवे न्यायाधीश निवडणं, मला पटत नाही. ती घटनेच्या, या नेमणुकांबद्दलच्या, कलम १२४ मध्ये नाही, १९९३ च्या निकालातून आली. पर्याय म्हणून आणलेला नियुक्ती आयोग न्यायालयानेच २०१५ मध्ये रद्द केला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, तर एखाद्याला का घेतलं आणि दुसऱ्याला का डावललं, हे दर वेळी लेखी कारणांसह लोकांसमोर आलंच पाहिजे.