पुढच्या इंडिकेटरचा बल्ब घरी बदलता येईल का? डावा फार भरभर टिकटिकतोय. (सातारा)

येईल की. भरभर टिकटिक म्हणजे बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. पुढचा की मागचा, ते आधी उतरून बघा. गाडी बंद करून बॉनेट उघडा. हेडलाइटमागचा इंडिकेटरचा होल्डर डावीकडे फिरवला की बाहेर येतो. बल्ब हलका दाबून फिरवा, निघेल. काही गाड्यांत चाकाच्या बाजूने हात घालावा लागतो.

खरी चूक बल्ब घेताना होते. इंडिकेटरची काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगीच हवा, बहुतेक गाड्यांत १२ व्होल्ट, २१ वॅटचा. त्याच्या दोन पिना बरोब्बर समोरासमोर नसतात, त्यामुळे साधा पांढरा बल्ब बसत नाही. जोर लावू नका, होल्डर तुटतो. जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जा. आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी हे काम उरका, मागच्या-पुढच्या ट्रकवाल्याला तुमचा इशारा दिसायलाच हवा.