सांगलीत रस्ता न फोडता पाइप टाकतात, तसं मालवणसारख्या किनारी गावात जमेल का?

जमेल, पण सांगलीतला अनुभव तिथे जसाच्या तसा चालणार नाही.

पद्धत तीच, हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग (एचडीडी), म्हणजे जमिनीखालून आडवं भोक पाडणं. आधी बारीक भोक पाडतात. वरून लोकेटर घेऊन चालणारा माणूस ड्रिलचं डोकं कुठे आणि किती खोल आहे ते सांगत राहतो. मग रीमर फिरवून भोक पाइपच्या साधारण दीडपट रुंद करतात आणि एचडीपीई (मजबूत, लवचिक प्लास्टिकचा) पाइप मागे ओढून घेतात.

खरा फरक मातीत आहे. आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा लगदा रीमरला चिकटून बसतो. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत उलटं होतं, भोक टिकतच नाही. तिथे सगळी मदार बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या) घोळावर, कारण तोच भोकाच्या भिंतीला थर धरतो. आणि खाऱ्या पाण्यात बेंटोनाइट नीट फुगत नाही! म्हणून घोळ गोड्या पाण्यातच कालवायचा, पाणी जड असेल तर आधी सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकायचा. ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: पाणी कुठून आणणार? मध्ये जांभा लागला तर त्याच्या पोकळ्यांत घोळ निसटून जातो, तेव्हा माती-तपासणी आधीच करून घ्या.

पाणी, वीज, फायबर यांसाठी मी बिनधास्त हीच पद्धत सुचवेन. उताराने वाहणाऱ्या गटारासाठी मात्र नाही, कारण बारीक उतार अचूक सांभाळणं फार अवघड जातं.

काम सुरू करण्याआधी 2023 मध्ये आलेल्या 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी ॲपवर नोंद नक्की करा, म्हणजे जमिनीखाली ज्यांचे पाइप-केबल आहेत त्यांना आधीच कळतं.